मामाचे वाण, भाचीचे वाण

यवतमाळ जिल्ह्यातील निवडशास्त्र हे मूलतः कपाशीच्या बियाण्याचे शास्त्र आहे. मृगाच्या तोंडावर कृषी केंद्राच्या काउंटरपुढे जी गर्दी जमते, तिच्यातील प्रत्येक जण वाणाचे नाव सहसा अर्धवट आणि त्याचा क्रमांक मात्र अचूक सांगतो. ‘राशी’चे ६५९ आणि ‘अजित’चे १५५ ही त्यांतली सर्वपरिचित उदाहरणे होत, आणि हे क्रमांक ज्या जिव्हाळ्याने उच्चारले जातात तो पाहता ते बियाण्याचे नसून जावयाच्या गाडीचे असावेत असा परक्याचा समज होणे शक्य आहे. अलीकडे या क्रमांकांत ३०५०, ४०६० आणि ७६०० अशी भर पडली असून, दत्त चौकातील चहाच्या टपरीवर ‘पन्नासवालं घेतलं त पस्तावशील’ हे वाक्य कानी आल्यास बोलणारा शेतकरी आहे की अभियांत्रिकीचा विद्यार्थी, हे केवळ वाक्यावरून ठरवणे अवघड झाले आहे. प्रस्तुत विवेचनाचा विषय या दुसऱ्या प्रकारचे आकडे, म्हणजे गेमिंग लॅपटॉपमधील ग्राफिक कार्डाची निवड, हा आहे. परंतु पहिल्या प्रकारचे आकडे वगळून तो या जिल्ह्यात मांडता येत नाही. (कापसामागची दुःखे विनोदाच्या कक्षेबाहेरची आहेत व ती तेथेच राहू द्यावीत, येथे प्रश्न फक्त पाकिटावरच्या नावाचा आहे.)

ग्राफिक कार्ड म्हणजे काय, हे प्रथम स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण लॅपटॉपमधले ग्राफिक कार्ड हे कार्डच नसते. ते हातात धरता येत नाही, काढता येत नाही आणि दुकानदाराला परतही देता येत नाही. तो एक चौकोनी तुकडा असून लॅपटॉपच्या मूळ पाटीवर कायमचा डाखलेला असतो, आणि म्हणून एकदा चुकलेली निवड पुढच्या हंगामात सुधारण्याची जी सोय बियाण्यात असते ती येथे नसते. त्याचे काम पडद्यावरील ठिपके रंगवण्याचे. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात, आणि सेकंदाला साठ चित्रे दाखवायची म्हटल्यास सेकंदागणिक सुमारे १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचे रंग ठरवावे लागतात. लॅपटॉपचा मुख्य प्रोसेसर हा अडत्याच्या गादीवरील जुन्या मुनिमासारखा असतो: त्याला कोणताही हिशेब येतो, पण एका वेळी थोडेच येतात. ग्राफिक कार्ड ही वेचणीला आलेली बायांची टोळी असते. शेत पांढरे झाले की दहा हुशार मुनीम बांधावर उभे राहून काही उपयोग होत नाही, एकेक तास धरून सरळ पुढे जाणारे शेकडो हात लागतात. एनव्हिडिया कंपनीच्या लॅपटॉपसाठीच्या ४०६० या चिपमध्ये असे ३,०७२ हात आहेत, आणि त्यांतील एकही दुपारी सावलीत बसत नाही, हा त्या चिपचा गुण आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे दोषही आहे.

अशा टोळ्या पुरवणारी घराणी मुख्यतः दोन. एनव्हिडिया हे घराणे १९९३ साली स्थापन झाले. एएमडी हे १९६९ सालचे, म्हणजे वयाने वडील, पण त्याची ग्राफिक शाखा त्या घरात जन्मलेली नाही. कॅनडातील एटीआय ही १९८५ साली स्थापन झालेली कंपनी एएमडीने २००६ मध्ये सुमारे ५४० कोटी डॉलरला विकत घेतली आणि तिच्याबरोबर ‘रेडिऑन’ हे नाव दत्तक आले. इंटेल हे तिसरे घराणेही २०२२ मध्ये ‘आर्क’ या नावाने या व्यवसायात उतरले. त्याची चर्चा येथे केलेली नाही, आणि टपरीवरही कोणी करीत नाही.

या दोन घराण्यांतील स्पर्धा जगभर युद्धाच्या भाषेत वर्णिली जाते. यवतमाळात तिला अधिक नेमका शब्द उपलब्ध आहे, तो म्हणजे भाऊबंदकी. एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग आणि २०१४ पासून एएमडीच्या प्रमुख असलेल्या लिसा सू हे दोघेही मूळचे तैवानचे असून एकमेकांच्या नात्यातले आहेत. इंग्रजीत हे नाते सांगायला चार शब्द लागतात आणि तरीही ऐकणारा बोटे मोजत बसतो. मराठीत ते सरळ आहे: हुआंग यांच्या आई या सू यांच्या आईच्या वडिलांच्या धाकट्या बहीण, म्हणजे सू यांच्या आईच्या आत्या, आत्याचा मुलगा तो आतेभाऊ, आणि आईचा आतेभाऊ तो मामा. जगातील ग्राफिक कार्डांचा बाजार अशा रीतीने एका मामा-भाचीत विभागला गेला आहे, आणि मामांनी तरुणपणी भाचीच्या आजच्या कंपनीत नोकरी केलेली आहे. दोन्ही कंपन्यांची मुख्यालये कॅलिफोर्नियात सांता क्लारा या एकाच गावी असून, दोघांपैकी कोणीही आपली चिप स्वतः घडवीत नाही. दोघांचाही माल आज मुख्यत्वे तैवानमधील टीएसएमसी या एकाच कारखान्यातून बाहेर पडतो. नाते एक, गाव एक, आणि जिनिंगही एकच. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. ज्या जिल्ह्यात धुऱ्यावरच्या एका बाभळीपायी सख्खे चुलत भाऊ तहसिलाच्या पायऱ्या झिजवतात, तेथील माणसाला ही स्पर्धा समजावून सांगावी लागत नाही. त्याला समजत नाही ते इतकेच, की या प्रकरणात मोजणी अजून कशी आली नाही.

घराण्यांना रंग आहेत: एनव्हिडियाचा हिरवा आणि रेडिऑनचा लाल. (महाराष्ट्रात रंगांना निवडणुकीमुळे जे अर्थ चिकटले आहेत, त्यांचा येथे काही संबंध नाही, हा खुलासा एरवी अनावश्यक ठरला असता.) हिरव्या पंथाचे प्रतिपादन असे, की प्रकाशकिरणांचा माग काढून सावल्या, प्रतिबिंबे आणि पाण्यावरची चमक गणिताने काढण्याचे जे तंत्र आहे, ज्याला रे ट्रेसिंग म्हणतात, त्यात मामांचा हात कोणी धरू शकत नाही. लाल पंथाचे म्हणणे असे, की तेवढ्याच पैशांत भाची स्मृती, म्हणजे चित्रांचा कच्चा माल ठेवण्याची जागा, अधिक देते, आणि चमक खाऊन पोट भरत नाही. दोन्ही पक्षांचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे असल्यामुळे वाद मिटण्याची शक्यता राहत नाही. वादी-प्रतिवादी प्रत्यक्षात जो खेळ खेळतात तो मात्र बहुधा ‘व्हॅलोरंट’ असतो, ज्यात रे ट्रेसिंग नाही आणि जो साध्या यंत्रावरही सुखाने चालावा अशाच बेताने बनवलेला आहे.

क्रमांकांच्या वाचनाला स्वतंत्र पांडित्य लागते. एनव्हिडियाच्या ४०६० मधील पहिले दोन अंक पिढी सांगतात व शेवटचे दोन अंक दर्जा. पन्नासहून साठ वरचा, साठहून सत्तर वरचा, एवढे कळले की गाडी चालते. एएमडीने मात्र २०२३ मध्ये लॅपटॉपच्या प्रोसेसरांना जी पद्धत लावली, तिच्यात पहिला अंक बाजारात आणल्याचे वर्ष सांगतो आणि आतल्या रचनेची खरी पिढी तिसऱ्या अंकात दडलेली असते, त्यामुळे ७७३५ हा क्रमांक सातहजारी वाटला तरी त्याचे बियाणे आदल्या पिढीचे निघते. हा प्रकार जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यासारखा आहे: वरचा गट क्रमांक सर्वांना दिसतो, पण बोजा कोणाचा आहे हे खालच्या रकान्यात, तलाठ्याच्या अक्षरात असते. २०२५ मध्ये भाचीने आपल्या डेस्कटॉप कार्डाला ९०७० हे नाव देऊन शेवटचे दोन अंक मामांच्या अंकांशी जुळवून घेतले, आणि ग्राहकाला तुलना सोपी जावी असे त्याचे कारण सांगितले गेले; भाऊबंदकीत एवढा समंजसपणा आढळला की जाणती माणसे सावध होतात.

क्रमांक कळला म्हणजे निवड झाली असे नव्हे, आणि येथेच कपाशीचा अनुभव उपयोगी पडतो. २००२ मध्ये भारतात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. बोंडअळीला मारणारे ते जनुक अमेरिकेतील मॉन्सॅन्टोचे; महिकोबरोबरच्या संयुक्त कंपनीमार्फत ते डझनावारी बियाणे कंपन्यांना परवान्याने दिले गेले, आणि काउंटरवर पाकिटे वेगळी, त्यांवरची टपोरी बोंडे वेगळी, पण पोटातले जनुक एकच, अशी स्थिती आली. लॅपटॉपचे हुबेहूब असेच आहे. एचपी, लेनोवो, आसुस, एसर, डेल यांच्या निरनिराळ्या खोक्यांत ४०६० ही चिप तीच असते. फरक पडतो तो तिला किती वॅट वीज खाऊ दिली जाते याने. या मर्यादेला टीजीपी म्हणतात, आणि ४०६० साठी ती ३५ पासून ११५ वॅटपर्यंत कोठेही ठेवण्याची मुभा निर्मात्याला आहे. तेच वाण कसदार काळ्या रानात लावले आणि बरडावर लावले, म्हणजे मुरमाड, पाणी न धरणाऱ्या जमिनीत लावले, तर उताऱ्यात जो फरक पडेल तोच येथे पडतो; कमी वॅटची ४०६० भरपूर वॅटच्या ४०५० पुढे निघेलच याची खात्री देता येत नाही. खोक्यावर चिपचे नाव ठळक असते आणि वॅटचा आकडा बारीक अक्षरात, किंवा कोठेच नसतो. दोन्ही व्यवहारांत एक भेद मात्र नोंदवला पाहिजे: कपाशीच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवते, २०२४ मध्ये ती ४७५ ग्रॅमला ८६४ रुपये होती, ग्राफिक कार्डाच्या बाबतीत अशी अधिसूचना कोणी काढलेली नाही, आणि दुकानदार जो ‘शेवटचा भाव’ सांगतो त्याला कायद्याचे पाठबळ नसते.

स्मृती आणि चिप यांना जोडणाऱ्या वाटेची रुंदी हा आणखी एक दुर्लक्षित भाग आहे. ३०६० च्या लॅपटॉप चिपमध्ये ही वाट १९२ बिटांची होती, ४०६० मध्ये ती १२८ बिटांवर आणली गेली, आणि अरुंदपणाची भरपाई चिपच्या पोटातच मोठे कोठार बांधून केली गेली. यवतमाळ ते मूर्तिजापूर या ११३ किलोमीटरच्या अरुंदमापी मार्गावर ‘शकुंतला’ धावत असे, आणि १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. वाट अरुंद असली म्हणजे डब्यांत कितीही कापूस भरला तरी तो एका बेताच्या गतीनेच पोचतो, हे कळण्यासाठी या जिल्ह्याला बिटांचा हिशेब शिकवण्याची गरज नाही. भरपाईची दुसरी युक्ती अधिक सूक्ष्म आहे. चित्र लहान काढायचे आणि ते मोठे करून दाखवायचे, ही विद्या मामांनी २०१८ मध्ये डीएलएसएस नावाने आणली. भाचीने २०२१ मध्ये एफएसआर नावाने तिची आपली आवृत्ती काढली आणि ती मामांच्या कार्डांवरही चालू दिली, मामांची विद्या मात्र घराबाहेर पडलेली नाही. २०२२ पासून तर दोन खऱ्या चित्रांच्या मधले चित्र अंदाजाने रचून घुसवले जाते, त्यामुळे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांचा आकडा जवळपास दुप्पट होतो, जरी यंत्राने प्रत्यक्षात तेवढी काढलेली नसतात. या तंत्राला महाराष्ट्राच्या महसूल परिभाषेत फार जुना शब्द आहे: नजरअंदाज पैसेवारी. पीक उभे असतानाच सप्टेंबरअखेर त्याचा उतारा नजरेने ठरवला जातो, आणि अंतिम आकडा ३१ डिसेंबरला येतो. फरक एवढाच, की पैसेवारी पन्नासच्या आत यावी असे शेतकऱ्याला वाटते आणि चित्रांचा आकडा साठच्या वर जावा असे त्याच्या मुलाला वाटते.

तथापि हे सर्व विवेचन साधारणपणे फेब्रुवारीपर्यंतच लागू पडते. लॅपटॉपच्या ज्या चाचण्या छापल्या जातात त्या विशी-पंचविशीतल्या, वातानुकूलित खोल्यांत घेतलेल्या असतात. पंखा आणि तांब्याच्या नळ्या चिपची उष्णता खोलीतल्या हवेला देतात, म्हणून खोलीची हवा जितके अंश गरम तितके अंश चिपही साधारणतः वर चढते. २५ अंशांच्या खोलीत पंचाहत्तरला राहणारी चिप मे महिन्यात, यवतमाळच्या पत्र्याच्या छपराखाली ४५ अंशांत ठेवली तर हिशेबाने पंच्याण्णवला जाईल. ती तेथे जात नाही, कारण पंचाऐंशी-नव्वदच्या आसपास ती स्वतःच आपला वेग कमी करते. यालाच थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात, आणि उन्हाच्या कडाक्यात बैल जसा औताखालीच उभा राहतो तसा हा प्रकार आहे. एप्रिल लागला की हिरव्या आणि लाल पंथांतला भेद त्यामुळे बराचसा मावळतो, आणि ज्याच्या लॅपटॉपचा पंखा मोठा तो धर्म खरा ठरतो. घरोघरी यावर उपाय म्हणून लॅपटॉप कुलरच्या झोतासमोर ठेवला जातो. कुलरच्या ताट्यांमधून आलेली हवा थंड असते हे खरे, पण ती ओलीही असते, आणि ओली हवा विजेच्या नाजूक यंत्रात दिवसरात्र फुंकणे हा उपचार रोगाइतकाच विचार करण्याजोगा आहे. शिवाय घरगुती कुलर दीडशे-दोनशे वॅट खातो आणि गेम चालू असताना लॅपटॉपही जवळजवळ तेवढेच. म्हणजे एकाच खोलीत, एकाच मीटरवर, एक यंत्र खोली थंड करते, दुसरे तीच तापवते आणि बिल दोघांचे येते. हिवाळ्यात ऊन उतरते, तेव्हा जिनिंगचा हंगाम सुरू होतो. रेच्याच्या, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राच्या, आसपासच्या वस्तीत हवेत तरंगणारा तंतू पंख्याच्या जाळीत जाऊन बसतो, आणि दुरुस्तीवाला झाकण उघडतो तेव्हा आत वातीपुरता कापूस निघतो.

खरेदीचा विधी बापलेकांमध्ये पार पडतो आणि त्याची भाषा ठरलेली असते. मुलगा ‘गेम’ हा शब्द उच्चारीत नाही. तो ‘प्रोजेक्ट’ म्हणतो. हे सर्वस्वी असत्यही नव्हे, कारण २००७ पासून एनव्हिडियाच्या कुडा या प्रणालीमुळे तेच हजारो हात ठिपके रंगवण्याऐवजी गणिताला जुंपता येतात आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचे बरेचसे काम त्यावर चालते. मामांचा पक्ष अभ्यासाच्या नावाखाली भक्कम होतो तो येथे. वडील ऐकून घेतात आणि गावात ज्याने आधी घेतला त्याचा अनुभव विचारतात, कारण बियाण्यातही पाकिटावरच्या बोंडापेक्षा शेजारच्या रानातले बोंड पाहूनच निर्णय होतो. मग दोघे एस.टी.ने नागपूरला, सीताबर्डीला जातात. तेथे असे आढळते, की ज्या निवडीवर वर्षभर रात्री जागल्या, ती निवड दुकानात फारशी शिल्लकच नाही: रेडिऑनचे वेगळे कार्ड असलेले लॅपटॉप मोजकेच आले आणि मोजकेच राहिले, बाकी फळी हिरवी आहे. पुसदचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७२ मध्ये राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी योजना आली होती. तिच्यात विकणारे असंख्य आणि घेणारा एक होता, येथे घेणारे असंख्य आणि विकणारा जवळजवळ एक आहे. हे वडिलांच्या पिढीला उमगायला क्षणभरही लागत नाही. दुकानदार तेवढ्यात निर्वाळा देतो: ‘कोनतंबी घ्या भाऊ, गरम त होतेच.’

लॅपटॉप घरी येतो, वरचे प्लास्टिक निघते, आणि मनगट टेकण्याच्या जागेवर दोन स्टिकर दिसतात. उजवा हिरवा, एनव्हिडियाचा. डावा तांबूस, रायझनचा. आणि रायझन हे एएमडीच्या प्रोसेसरचे नाव आहे. ज्यांच्या पंथांनी टपरीवर एकमेकांचा चहा टाकला, ती दोन्ही घराणी एकाच पाटीवर बोटभर अंतरावर नांदत असतात. शिवाय रायझनच्या पोटात स्वतःचे छोटे रेडिऑन असतेच. पडद्यावर नुसते पत्र किंवा हिशेब असताना भाची घर सांभाळते, गेम सुरू झाला की मामांना उठवले जाते. मामांच्या बाजूने ही पाळी ठरवणाऱ्या व्यवस्थेला ऑप्टिमस म्हणतात आणि ती २०१० पासून चालत आली आहे.

वडिलांना हे समजावताना मुलाची जी धांदल उडते, ती पाहण्यासारखी असते, कारण त्यांना ते आधीच समजलेले असते. बीटीच्या पाकिटासोबत पूर्वी १२० ग्रॅमचे एक लहान पाकीट येई. त्यात नॉन-बीटी बियाणे असे आणि ते शेताच्या कडेने लावायचे असे, म्हणजे अळीला खायला साधी कपाशी मिळावी आणि तिच्यात बीटीला पुरून उरणारी जात तयार होऊ नये. पुष्कळांनी ते पाकीट कधी फोडलेच नाही. वडील डाव्या स्टिकरवर बोट ठेवतात आणि म्हणतात, ‘म्हंजे हे धुऱ्यावरचं पाकीट.’

रात्री साडेनऊच्या सुमारास वीज जाते. कुलर घरघरत थांबतो. बॅटरीवर ग्राफिक कार्डाला पूर्ण वॅट मिळत नाहीत, त्यामुळे पडद्यावरचा सैनिक उडी मारता मारता हवेत अडखळतो, आणि मुलगा गेम बंद करतो. मामा झोपतात, पंखा शांत होतो. अंगणात बाजेवर पडलेले वडील खिडकीतला उजेड पाहून विचारतात, आता काय चालू आहे. आतून उत्तर येते, ‘प्रोजेक्ट,’ आणि लॅपटॉप घेतल्यापासून प्रथमच ते खरे असते.